‘हॉटेल कॅलिफोर्निया’चा अर्थ: भांडण शब्दांवर, उत्तर अर्धं चालीत

प्रश्न असा आला आहे: “आमच्या कॉलेजच्या जुन्या ग्रुपमध्ये ईगल्स या अमेरिकन रॉक बँडच्या ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ या 1976च्या गाण्यावरून तीन तट पडलेत. एकाच्या मते गाणं सैतानपूजेवर आहे, दुसऱ्याच्या मते वेड्यांच्या इस्पितळावर, तिसऱ्याला ओळीओळीत गांजा दिसतो. त्यात कुणीतरी मेक्सिकोतल्या खऱ्याखुऱ्या हॉटेलचा फोटो टाकला. तुम्ही इतकी वर्षं हे गाणं वाजवता आणि शिकवता, तर एकदाचा निकाल द्या.”

निकाल आधीच देऊन टाकतो. गाणं कुठल्याही एका इमारतीवर नाही. सत्तरच्या दशकातल्या लॉस एंजेलिसच्या पैशावर, नशेवर आणि झगमगाटावर ते आहे, आणि त्यात स्वतःच्या पायांनी चालत गेलेल्या माणसांवर आहे. हे गीत लिहिणाऱ्यांनी पुन्हापुन्हा सांगितलंय. बँडचा गायक आणि गीतकारांपैकी एक डॉन हेन्ली याने ‘अमेरिकन स्वप्नाची काळी बाजू’ आणि ‘अतिरेक’ हेच शब्द वापरलेत, आणि अतिरेकाची आम्हाला चांगलीच माहिती होती असंही वर जोडलंय. पण तुमच्या ग्रुपचं भांडण एवढ्याने मिटणार नाही, कारण तिन्ही तट फक्त शब्दांवर भांडतायत. या गाण्याचा अर्धा अर्थ चालीत बसलाय. तिकडे येतोच, आधी केरकचरा काढू.

सैतानवाल्यांचा पुरावा काय? अँटन लावे या माणसाने 1966 साली सॅन फ्रान्सिस्कोत ‘चर्च ऑफ सेटन’ काढलं, त्याचं घर कॅलिफोर्निया स्ट्रीटवर होतं, आणि त्याचं ‘सैतानी बायबल’ 1969 साली छापलं गेलं. गाण्यात 1969चा उल्लेख आहे. झालं, जुळलं! शिवाय अल्बमच्या आतल्या फोटोत हॉटेलच्या लॉबीत माणसांची गर्दी आहे आणि वरच्या सज्जात एक धूसर आकृती दिसते. तो लावेच, असा दावा. ती फोटोसाठी पैसे देऊन उभी केलेली मॉडेल होती. मुखपृष्ठावरची इमारत बेव्हर्ली हिल्स हॉटेलची आहे आणि आतली लॉबी हॉलिवूडच्या लिडो हॉटेलची. म्हणजे चित्रातलं हॉटेलसुद्धा दोन ठिकाणं जोडून केलेलं! रेकॉर्ड उलटी फिरवून सैतानाचे निरोप ऐकणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही. उलटं वाजवलं तर आपल्या आरत्यांतूनही काहीबाही ऐकू येईल.

इस्पितळवाल्यांचं बोट कॅमरिओ स्टेट हॉस्पिटलकडे असतं. लॉस एंजेलिसच्या वायव्येला, व्हेंचुरा काउंटीत हे मनोरुग्णालय 1936 ते 1997 चालू होतं. आता तिथे विद्यापीठ आहे. घंटेचा मनोरा, स्पॅनिश धाटणीची इमारत, आत गेलेला बाहेर येत नाही, असं सगळं वरवर बसतं. पण गीतकारांनी त्याचा संबंध कधी जोडलेला नाही, आणि गाण्यातला माणूस गाडी चालवत, थकून, आपण होऊन थांबतो. त्याला कुणी भरती केलेलं नाही. हा फरक लहान नाही, सगळं गाणं त्यावर उभं आहे.

मेक्सिकोतलं हॉटेल खरं आहे. बाहा कॅलिफोर्निया सूर राज्यातल्या तोदोस सांतोस गावात 1950 साली ते सुरू झालं, म्हणजे गाण्याच्या खूप आधी. पण बँडचा त्याच्याशी संबंध नाही. उलट 2017 साली ईगल्सनी त्या हॉटेलच्या मालकांवर दावा लावला, की तुम्ही गाण्याच्या नावावर गिऱ्हाईक ओढताय. जानेवारी 2018मध्ये प्रकरण तडजोडीने मिटलं. तेव्हा तो फोटो ग्रुपमधून खुशाल काढून टाका, किंवा राहू द्या, हॉटेल दिसायला छान आहे.

आता गाणं झालं कसं ते बघा, कारण अर्थाचा धागा इथून निघतो. शब्द आधी नव्हते. आधी चाल होती, आणि ती बँडचा गिटारवादक डॉन फेल्डर याची. मॅलिबूला समुद्रकाठी भाड्याच्या घरात राहत असताना त्याने बारा तारांच्या गिटारवर या गाण्याचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट, वाजवले आणि ड्रम मशीनच्या ठेक्यावर डेमो ध्वनिमुद्रित करून ठेवला. इतर काही तुकड्यांसोबत ती कॅसेट त्याने बँडमधल्यांना दिली. हेन्ली आणि ग्लेन फ्राय यांनी त्यातून हीच चाल उचलली. नाव नव्हतं म्हणून तिला ‘मेक्सिकन रेगे’ म्हणत. थोडा स्पॅनिश रंग आणि ठेक्यात रेगेची लचक, म्हणून नाव चपखलच होतं. शब्द नंतर हेन्ली आणि फ्रायने लिहिले, आणि तेही काही एका बैठकीत नाही. या अल्बमच्या हस्तलिखित मसुद्यांची सुमारे शंभर पानं चोरीची आहेत की नाहीत यावर 2024 साली न्यूयॉर्कच्या कोर्टात खटला उभा राहिला होता. हेन्ली साक्षीला आला आणि मार्चमध्ये सरकारी पक्षाने खटला अर्ध्यात मागे घेतला. कोर्टाचं सोडा, मुद्दा एवढाच, की खोडत, बदलत, पुन्हा लिहीत झालेले हे शब्द आहेत. गुप्त निरोप पोचवणाऱ्याचं काम असं चालत नाही.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. या बँडमधला एकही जण कॅलिफोर्नियाचा नव्हता. हेन्ली टेक्ससमधल्या लिंडन गावचा, फ्राय डेट्रॉइटचा, फेल्डर फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलचा, जो वॉल्श कॅन्ससमध्ये जन्मलेला, रँडी माइझनर नेब्रास्काचा. फेल्डरने मुलाखतींत सांगितलंय, की आम्ही सगळेच कधी ना कधी रात्री गाडीने लॉस एंजेलिसमध्ये शिरलेलो. वाळवंटातून येताना क्षितिजावर त्या शहराच्या दिव्यांचा उजेड दिसायला लागतो आणि हॉलिवूडबद्दलची सगळी स्वप्नं डोक्यात फिरायला लागतात. पहिल्या कडव्यातला अंधारा रस्ता आणि दूरवर लुकलुकणारा दिवा तिथून आलाय. मुंबईत पहाटेच्या गाडीने पहिल्यांदा उतरलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून द्यावं लागू नये.

शब्दांपैकी ज्यांच्यावर खरी मारामारी होते ते तीन-चारच आहेत.

‘कोलितास’ हा पहिला. स्पॅनिशमध्ये अर्थ ‘छोट्या शेपट्या’. गांजावाला तट इथे जिंकतो, निदान अर्धा तरी. बँडचा व्यवस्थापक अर्व्हिंग एझॉफ याने एका सदरलेखकाला लेखी कळवलं होतं, की बँडच्या मेक्सिकन-अमेरिकन रोड मॅनेजरने हा शब्द ‘छोट्या कळ्या’ असा समजावून दिला होता, पुढचं तुमचं तुम्ही समजून घ्या. फेल्डर मात्र सांगतो, की ते वाळवंटात रात्री फुलणारं, उग्र वासाचं झाड आहे. एकाच बँडच्या आतल्या दोन माणसांच्या या दोन कथा! मला विचाराल तर एझॉफची पटते. पण एका ओळीतल्या वासावरून सगळं गाणं गांजाचं ठरत नाही. तो वास माणसाला जडपणा आणतो, डोळे मिटायला लावतो आणि दारात आणून सोडतो. तेवढंच त्याचं काम.

दुसरा शब्द ‘स्पिरिट’, म्हणजे दारूही आणि मनाची वृत्तीही. पाहुणा वाइन मागतो आणि त्याला उत्तर मिळतं, की ते स्पिरिट आमच्याकडे 1969पासून नाही. 2009 साली क्लीव्हलंडच्या एका संगीत पत्रकाराने हेन्लीला तोंडावर विचारलं, की वाइन आंबवून करतात आणि स्पिरिट म्हणजे ऊर्ध्वपातन केलेली दारू, मग ही ओळ चुकली असं वाटत नाही का? हेन्ली चिडला. दारू कशी बनते हे कळण्याइतकी ती आपण प्यायलोय, आणि या ओळीचा दारूशी काही संबंध नाही, हे सामाजिक-राजकीय विधान आहे, अशा अर्थाचं त्याने सुनावलं. मला हा प्रश्न मूर्ख वाटत नाही. श्लेषाची ओळ आहे म्हटल्यावर कुणीतरी पहिल्या अर्थाला अडकणारच. पण 1969 म्हणजे काय ते बघा. ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला मॅन्सनच्या टोळीने केलेले खून, त्याच महिन्यात न्यूयॉर्क राज्यात वुडस्टॉकचा संगीत महोत्सव, आणि 6 डिसेंबरला उत्तर कॅलिफोर्नियात ऑल्टामाँटच्या फुकट मैफिलीत स्टेजसमोर एका तरुणाचा भोसकून खून. साठच्या दशकाचं प्रेम-शांतीचं सोंग म्हणा किंवा श्रद्धा म्हणा, ती त्या वर्षाच्या अखेरीस विटली. 1976मध्ये हॉटेलचा कॅप्टन म्हणतो की तो माल संपला, तेव्हा तो याबद्दल बोलतोय. आणि 1976 हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं दोनशेवं वर्ष, देशभर झेंडे नि आतषबाजी. अल्बम त्याच वर्षी 8 डिसेंबरला बाजारात आला.

तिसरा, पोलादी सुऱ्या, मूळ इंग्रजीत ‘स्टीली नाइव्ह्ज’. राक्षसाला भोसकतात पण मारू शकत नाहीत, त्या. व्यसनाचं चित्र म्हणून ती ओळ ठीक बसते. पण तिच्यात एक घरगुती चेष्टाही आहे. स्टीली डॅन या बँडने 1976च्याच एका गाण्यात, ईगल्सचा आवाज वाढव, शेजारी ऐकतायत, अशी कोपरखळी मारली होती. दोन्ही बँड एझॉफकडेच. फ्रायने सांगितलंय की ‘स्टीली’ हा शब्द त्याची परतफेड म्हणून घातला. सैतानपूजेचा विधी लिहिणारी माणसं मध्येच मित्राची थट्टा करत नाहीत, असं आपलं माझं मत.

मर्सिडीजबद्दलही थोडं. बहुतेकांना ‘मर्सिडीज बेंझ’ ही गाडी ऐकू येते, पण छापील शब्द ‘बेंड्स’ आहे. खोल पाण्यातून घाईने वर आलेल्या पाणबुड्याला जो त्रास होतो त्याला बेंड्स म्हणतात. गाडी ऐकली तरी चालतं आणि आजार ऐकला तर जास्त चालतं.

आता ज्यासाठी मी एवढं लिहायला बसलो ते. गिटार हातात असेल तर घ्या. नसेल तर नुसतं ऐकत वाचा.

कडव्याचे कॉर्ड आठ: बी मायनर, एफ शार्प, ए, ई, जी, डी, ई मायनर, एफ शार्प. जोड्या करून बघा. बी ते एफ शार्प. मग तीच उडी एक सूर खाली, ए ते ई. पुन्हा एक सूर खाली, जी ते डी. म्हणजे दोन-दोन कॉर्ड घेऊन चाल जिना उतरते, बी, ए, जी. चौथ्या जोडीत ठराविक उडी मोडते. ई मायनर येतो आणि त्यानंतर एफ शार्प, आणि हा एफ शार्प तुम्हाला जिथून निघालात त्या बी मायनरच्या दारात पुन्हा उभं करतो. मधले कॉर्ड गाळून नुसते बी मायनर, ए, जी, एफ शार्प ओळीने वाजवा. स्पेनच्या फ्लामेंकोतली जुनी उतरण आहे ही. ‘मेक्सिकन’ रंग तिथून येतो.

ज्यांचा कान आपल्या संगीताचा आहे त्यांच्यासाठी: बी हा षड्ज धरा. गंधार कोमल. धैवत आणि निषाद मात्र दोन्ही लागतात. ई कॉर्डमध्ये शुद्ध धैवत येतो आणि लगेच जी कॉर्डमध्ये तो कोमल होतो. तिथेच ती मान खाली गेल्यासारखी वाटणारी जागा आहे. शुद्ध निषाद फक्त एफ शार्पमध्ये आहे, आणि शुद्ध निषादाला षड्जावर गेल्याशिवाय चैन पडत नाही. शेवटची ओळ या निषादावर टांगून ठेवलेली असते, त्यामुळे प्रत्येक आवर्तन पुढच्या आवर्तनात ओढलं जातं. बाहेर पडायला जागाच ठेवलेली नाही. किरवाणी राग गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना हा ओढा ओळखीचा आहे.

कोरस यातून थोडी सुटका देतो. तो बी मायनरवर सुरू होत नाही. जी आणि डी, दोन मोकळे मेजर कॉर्ड, वर आवाजांची हार्मनी. दिवे लागल्यासारखं होतं. स्वागताचे शब्द नेमके इथे आहेत, जागा किती छान, लोक किती छान. आणि कोरस संपतो कशावर? ई मायनर, एफ शार्प. पुन्हा त्याच दारात. हॉटेलचं आमिष आणि हॉटेलचा सापळा असे दोन्ही आठ-आठ कॉर्डच्या हिशोबात बसवलेले आहेत, आणि हे चालीत आधी होतं, शब्द मागून आले. फेल्डरने ठरवून ‘सापळा’ बांधला असं मी म्हणत नाही. हेन्ली-फ्रायच्या कानाने मात्र त्या चालीत काय आहे ते ओळखलं, आणि तिला शोभणारी गोष्ट लिहिली. फ्राय म्हणायचा, की त्यांना ‘ट्वायलाइट झोन’ मालिकेच्या भागासारखं काहीतरी हवं होतं, एका दारातून आत गेलं की पुढचं दार उघडतं आणि काय दिसेल सांगता येत नाही.

आता शेवटचं कडवं. पहिल्या दोन्ही कडव्यांनंतर कोरस येतो. तिसऱ्यात छतावरचे आरसे, आपण सगळे इथे आपल्याच करणीचे कैदी आहोत असं सांगणारी ती बाई, मेजवानी, मग दाराकडे धाव आणि रात्रपाळीवरच्या माणसाचं ते प्रसिद्ध उत्तर, हिशोब चुकता कधीही करा, निघणं मात्र नाही. कान कोरसची वाट बघत असतो. कोरस येत नाही. स्वागताचे दिवे पुन्हा लागतच नाहीत. त्याऐवजी कडव्याचेच आठ कॉर्ड पुन्हा सुरू होतात आणि दोन गिटारी बोलायला लागतात, आधी फेल्डर, मग वॉल्श, मग आळीपाळीने, आणि शेवटी दोघं मिळून प्रत्येक कॉर्डचे सूर सुटे करत, हार्मनीत, गोल गोल. साडेसहा मिनिटांच्या गाण्यातली शेवटची दोन मिनिटं. आणि मूळ रेकॉर्डवर हे समेवर येऊन थांबत नाही, आवाज हळूहळू कमी होत विरतो. निघता येत नाही हे शब्दांनी सांगून झालं, पुढची दोन मिनिटं गिटारी तेच करून दाखवतात. म्हणून ‘शब्द सोडा, सोलो बघा’ म्हणणारे आणि ‘सोलो काय, शब्द बघा’ म्हणणारे दोघंही मला अर्धवट वाटतात.

या सोलोबद्दल एक किस्सा सांगतो, फेल्डरने स्वतः सांगितलेला. मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत तो आणि वॉल्श सुचेल तसं वाजवायला लागले, तर हेन्लीने थांबवलं: असं नाही, डेमोत आहे तसंच हवं. डेमो वर्षभर जुना, कॅसेट मॅलिबूच्या घरी. फेल्डरने घरकाम बघणाऱ्या बाईंना फोन लावला, कॅसेट शोधायला लावली, टेपरेकॉर्डरसमोर रिसीव्हर धरायला लावला आणि पलीकडून ऐकत स्वतःचंच वाजवणं पुन्हा बसवलं. ज्यांना हा सोलो उत्स्फूर्त वाटतो त्यांनी हे लक्षात ठेवावं. शिवाय पट्टी बदललेली. डेमो ई मायनरमध्ये होता, तो हेन्लीला फार उंच पडला, म्हणून सगळं बी मायनरला आणलं. बारा तारांच्या गिटारला सातव्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून पट्टी वर नेणारा चिमटा, लागतो तो त्यामुळेच: हाताचे आकार ई मायनरचेच, आवाज बी मायनरचा. माझे विद्यार्थी कॅपोशिवाय एका बोटाने सगळ्या तारा दाबत बी मायनर धरून झगडत बसतात आणि रेकॉर्डसारखं का वाजत नाही म्हणून विचारतात. कॅपो लावा, एवढंच.

कुणीतरी ग्रुपमध्ये जेथ्रो टल या ब्रिटिश बँडच्या 1969च्या ‘वी यूज्ड टू नो’चाही विषय काढेल, कॉर्ड तेच आहेत म्हणून. साम्य आहे, ऐकून बघा. 1972मध्ये ईगल्स त्यांच्यासोबत दौऱ्यावर होते, पण फेल्डर बँडमध्ये आला 1974 साली, आणि आपण ते गाणं ऐकलं नव्हतं असं तो सांगतो. जेथ्रो टलच्या इयन अँडरसनने त्याचं कधी भांडण केलं नाही. कॉर्डांची मालकी कुणाची नसते.

तुमच्या ग्रुपसाठी सगळ्यात सोपा पुरावा राहिला: गाणं एकटं ऐकू नका, अल्बम सलग ऐका. पहिलं गाणं हे. पुढे नव्या चेहऱ्याला डोक्यावर घेऊन जुन्याला विसरणाऱ्या गावाचं गाणं, मग भरधाव जगण्याच्या नशेचं, आणि शेवटी ‘द लास्ट रिसॉर्ट’, ज्यात माणसं स्वर्ग शोधत पश्चिमेला जातात आणि जिथे पोचतात तिथला स्वर्ग संपवतात. पहिल्या आणि शेवटच्या गाण्याची नावं शेजारी ठेवली तरी विषय कळतो. सैतान किंवा इस्पितळ धरलं तर उरलेला अल्बम कुठे ठेवायचा?

याचा अर्थ हेन्ली म्हणतो तेवढंच खरं, असंही नाही. तोही वेगवेगळ्या मुलाखतींत वेगवेगळ्या बाजूंवर जोर देतो: कधी अमेरिकेचा अतिरेक, कधी संगीत व्यवसाय, कधी भाबडेपणाकडून जाणतेपणाकडे झालेला प्रवास. ज्याने घरात व्यसन बघितलंय त्याला हे गाणं व्यसनाचंच वाटेल, आणि शेवटच्या कडव्यात त्याला अडवणारी एकही ओळ नाही. परदेशात चार वर्षांसाठी म्हणून गेलेले आणि तिथेच राहिलेले माझे काही जुने विद्यार्थी त्या रात्रपाळीवाल्याच्या उत्तरावर वेगळंच हसतात. गाणं एवढं सैल विणलंय म्हणूनच हे जमतं. माझी अट एकच: जो अर्थ लावाल त्यात माणूस आपण होऊन आत गेलेला असला पाहिजे.

आपल्याकडे बऱ्याच जणांची या गाण्याशी ओळख 1994च्या ‘हेल फ्रीझेस ओव्हर’मधल्या अकूस्टिक आवृत्तीने झाली, ती लांब स्पॅनिश सुरुवात, आणि मग पहिला ओळखीचा कॉर्ड येताच लोकांचा एकच गलका. गोव्याच्या शॅकमध्ये बँडला फर्माईश येते ती बहुधा याच रूपाची. ते रूप सुंदर आहे, पण अर्थाचा वाद घालायचा तर 1976चं मूळ ऐका. मैफिलीत गाणं कुठेतरी थांबवावंच लागतं, तिथे ते बी मायनरवर येऊन विसावतं, आणि मग हॉटेलमधून बाहेर पडल्यासारखं वाटतं.

ग्रुपमधले कुणी बँडमध्ये वाजवत असतील तर त्यांना सांगा, तिसऱ्या कडव्यानंतर लोकांना गाता यावं म्हणून कोरस घुसडू नका. बरेच जण घुसडतात. टाळ्या पडतात हे खरं आहे, पण मग रात्रपाळीवाल्याने निघता येणार नाही म्हणून सांगितलेल्या माणसाचं पुढच्याच ओळीत पुन्हा स्वागत होतं.